एच-१३ चा सुंबा घडवला, पाणी पाजलं आणि तडकला. कुठे चुकलं?

ऐरोलीकर | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचक होतो, आज नाक मुठीत धरून धागा काढतोय.

पोटापाण्याचं काम संगणकासमोरचं. रविवारी मात्र रबाळे एमआयडीसीत मित्राच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यामागे लोहारकाम करतो. गॅसची छोटी भट्टी आहे, आणि ऐरण म्हणजे क्रेनच्या रुळाचा दीड फुटी तुकडा, उभा रोवलेला. आतापर्यंत खुंट्या, कड्या, दोन बऱ्यापैकी सुऱ्या आणि असंख्य वाकडे खिळे एवढी कमाई.

आता हातोडा घडवायचाय. त्याच्या दांड्याचं भोक गरम लोखंडात सुंब्याने पाडावं लागतं. कमान पाट्याचा सुंबा केला होता, पण तिसऱ्या ठोक्याला टोक लोण्यासारखं पसरायचं. सगळीकडे वाचलं की एच-१३ जातीचं पोलाद घ्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊन २० मिमी व्यासाचा एक मीटर गज आणला. आठ इंची चार तुकडे केले, एक छोटा तुकडा उरला.

पहिला तुकडा सुरेख घडला. टोक चपटं केलं, गाजरी रंगावर तापवलं आणि नेहमीप्रमाणे बादलीत बुचकळलं. दोन सेकंदांनी 'टिंग'. बाहेर काढला तर टोकापासून अंगठ्याएवढी उभी चीर.

दुसरा तुकडा पाण्यात घातलाच नाही, रात्रभर राखेत पुरून ठेवला. सकाळी कानस लावली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरतेय. म्हणजे पाणी न देताच कडक?

प्रश्न तीन. चूक कुठे झाली? याचं टेंपरिंग, म्हणजे कडक झालेलं पोलाद पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढणं, घरच्या ओव्हनमध्ये होईल का? आणि चार सुंब्यांसाठी कुठला हीट ट्रीटमेंटवाला मला दारात उभं करेल का?


वाळवी | शनिवार, रात्री ११:०५

वाचतोय. तो 'टिंग' ऐकला की पोटात खड्डा पडतो.


कोयता | रविवार, सकाळी ७:५०

ऐरोलीकर भाऊ, राग मानू नका, पण हे नंबरवालं पोलाद म्हणजे शहरी लाड. माझे आजोबा पनवेलजवळ गावात भाता चालवायचे. कोयते, विळे, पासा, बैलगाडीच्या धावा, सगळं करायचे. त्यांचं पोलाद म्हणजे ट्रकचा पाटा, झिजलेली कानस, नाहीतर बेअरिंगची रिंग. छिन्नीसुद्धा पाट्याचीच.

पाणी द्यायचं काम ते दिवस कलल्यावर करायचे. भर उन्हात लोखंडाचा रंग खोटा दिसतो म्हणायचे. धार तेवढीच बुडवायची, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करायची आणि मागची धग पुढे सरकताना रंग बघत बसायचं. कोयत्याला वाळल्या गवताचा रंग पुढे जाऊन तांबूस झाला की पुन्हा पाण्यात. छिन्नीला जांभळा. बास. मीटर नाही, ओव्हन नाही.

सुंबा पसरतो कारण तुम्ही तो भोकात ठेवून ठोकत बसता. दोन-तीन घाव, बाहेर, पाण्यात बुडवा, परत आत. आजोबांच्या सुंब्याशेजारी पाण्याचं टमरेल कायम असायचं.


टूलरूमकाका | रविवार, सकाळी ११:२०

कोयता, तुमच्या आजोबांचं एक अक्षर खोटं नाही. पण ती पद्धत एच-१३ ला लावली की काय होतं ते ऐरोलीकरांनी दाखवलंय. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये उभा जन्म काढला. दर दोन वर्षांनी एखादा नवा पोरगा नेमकं हेच करायचा. एकदा मी स्वतः केलं होतं, तो पोरगा मीच.

अमेरिकन नावांत पहिलं अक्षर बघायचं. डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाण्यात विझवायचं. ओ म्हणजे ऑइल, तेलात. ए म्हणजे एअर, हवेत. इथवर सोपं आहे. एस म्हणजे शॉक, दणके खाणारं. आणि एच म्हणजे हॉट वर्क, तापलेल्या धातूशी झगडणारं. या शेवटच्या दोन अक्षरांत काम सांगितलंय, विझवायचं कसं ते सांगितलेलंच नाही. माणूस तिथेच फसतो.

आता गंमत बघा. एच-१३ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. म्हणजे आपल्या साध्या ईएन-८ पोलादाएवढाच! मग महाग कशामुळे? सुमारे ५ टक्के क्रोमियम, सव्वा ते दीड टक्का मॉलिब्डेनम, १ टक्क्याच्या आगेमागे व्हॅनेडियम. साध्या पोलादाला कडक व्हायचं तर झटक्यात थंड व्हावं लागतं. हळू थंड झालं की आतली रचना मऊ होऊन बसते. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम हे मऊ होणं इतकं लांबवतात की टेबलावर नुसता ठेवलेला तुकडाही कडक होतो. म्हणून राखेत ठेवलेल्या तुकड्यावर तुमची कानस घसरली. या जातीला राखही पुरेशी सावकाश नाही.

पाण्यात काय झालं? कडक होताना पोलाद किंचित फुगतं. बादलीत साल आधी थंड झाली, कडक झाली, फुगून बसली. गाभा तेव्हा अजून तापलेला. मग गाभ्याची पाळी आली, तोही फुगला. साल काचेसारखी, ती ताणली जाईल कशी? टिंग.

हवेत कडक होणारं पोलाद काही आजचं नाही. १८६८ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट मशेटला टंगस्टन घातलेलं पोलाद न विझवताच कडक झालेलं आढळलं. पुढे कित्येक वर्षं लेथची हत्यारं त्याचीच होत. तेव्हाच्या लोहारांनीही पहिल्या दिवशी ते बादलीतच घातलं असणार, मी पैजेवर सांगतो.


मृण्मयी_कळवा | रविवार, दुपारी १:१५

ओव्हनबद्दल मी सांगते, कारण त्यावरून घरात महाभारत झालंय. मी चांदीकाम करते, ठसे आणि छोट्या छिन्न्या ओएचएनएसच्या स्वतः बनवते. हे तेलात कडक होणारं, कमी आकसणारं पोलाद. ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचं, कोमट सोयाबीन तेलात विझवायचं, मग दोनशे-सव्वादोनशे अंशांवर दोन तास. हे शेवटचं काम साध्या ओटीजीत होतं. फक्त तेल नीट पुसून मगच आत ठेवा. मी पुसलं नव्हतं. आईच्या नानकटाईला महिनाभर जळक्या तेलाचा वास येत होता आणि अजून प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगितली जाते.

पण एच-१३ ला ओटीजीचा उपयोग शून्य. त्याला साडेपाचशेच्या वर लागतं ना काका?


भट्टीवाला | रविवार, दुपारी ३:३०

ताई बरोबर बोलल्या. मी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये शिफ्ट बघतो, त्यामुळे आकडे तोंडपाठ आहेत.

एच-१३ कडक करायला १००० ते १०४० अंश. तिथे चुंबक कामाचं नाही. साधं पोलाद ७७० च्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं आणि लोहार तिथून थोडं वर नेऊन विझवतो. तोच हिशेब इथे लावलात तर तुम्ही अडीचशे अंश अलीकडेच थांबलात. पूर्ण तापल्यावर हवेत, शक्यतो पंख्यासमोर. हाताला सोसेल एवढा कोमट झाला की लगेच टेंपर, उद्यावर टाकायचं नाही. ५४० ते ६२० अंश, दोन तास, थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा दोन तास. दोनदा म्हणजे दोनदाच.

गवती, तांबूस, जांभळे रंग ही साध्या पोलादाची भाषा. ते रंग दोनशे ते तीनशेच्या दरम्यान येतात. एच-१३ वर निळा रंग बघून 'झालं' म्हणणारा माणूस फसला, आतलं पोलाद अजून जसंच्या तसं कडक आणि ठिसूळ असतं. ५०० च्या आसपास तर याचा कडकपणा कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढतो, तो टप्पा ओलांडून पुढे जायचं असतं.

याच गुणामुळे हे गरम कामाला चालतं. पाट्याचं पाणी तीनशेच्या पुढे उतरायला लागतं. याला टेंपरच साडेपाचशे-सहाशेला केलेलं, मग तेवढं तापलं तरी ते ढिम्म.

चार सुंबे कोण घेणार? घेतात. बहुतेक ठिकाणी किमान शुल्क असतं, किलोचा भाव नंतर. शॉपला फोन करून विचारा की एच-१३ चा लॉट कधी लागणार आहे. डायकास्टिंगच्या डाय (वितळलेला धातू दाबून भरायचे साचे) रोजच्या येतात, त्या लॉटच्या कोपऱ्यात तुमचे सुंबे बसतील. 'एचआरसी ४८ च्या आसपास' असं चिठ्ठीवर स्वतः लिहून द्या; एचआरसी म्हणजे कडकपणाचं रॉकवेल माप. नाहीतर डायवाल्याच्या मापाने येतील.


कोयता | रविवार, रात्री ९:१०

बरं. म्हणजे आमचं टमरेल इथे वैरी.


टूलरूमकाका | रविवार, रात्री ९:४०

अगदी. काम करतानाही एच-१३ चा तापलेला सुंबा पाण्यात घालायचा नाही. दोन-तीन घाव, बाहेर, ऐरणीच्या कडेला टेकवून ठेवा, दुसरा उचला. म्हणून जोडी करून ठेवतात. पाट्याच्या सुंब्याला मात्र तुमचं टमरेलच हवं, नाहीतर टोक पसरलंच.


नवशिक्या_इंजिनीयर | सोमवार, सकाळी ९:००

मग सांडशी, हातोडा, छिन्नी सगळंच एच-१३ चं का करू नये? एकदाच खर्च.


टूलरूमकाका | सोमवार, सकाळी १०:१५

नका करू. सांडशी माइल्ड स्टीलचीच हवी. ती दर पाच मिनिटांनी तापते आणि माणूस न बघता बादलीत खुपसतो. माइल्ड स्टीलला त्याने काही होत नाही, वाकली तर ठोकून सरळ करता येते. टूल स्टीलची सांडशी एक दिवस हातात लाल गोळा असताना तुटेल.

हातोड्याला ईएन-८ किंवा ईएन-९. तोंडं तेवढी कडक, मधलं भोकाजवळचं अंग मऊ. कापायच्या छिन्नीला एस-७ उत्तम, पण आपल्याकडे किरकोळीत शोधावं लागतं. पाटा आहेच. एच-१३ कुठे? जे हत्यार लाल लोखंडात घुसून राहतं तिथे. सुंबा, भोक मोठं करायचा ड्रिफ्ट, गरम कापायची छिन्नी. बाकी ठिकाणी पैसे फुकट.

आणि हे ईएन काय, हा प्रश्न येणारच म्हणून सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ब्रिटिशांनी पोलादांच्या जातींची यादी आटोपशीर केली, ते 'इमर्जन्सी नंबर'. इंग्लंडात ते कधीच मागे पडले. कळंबोलीत आणि दारूखान्यात आजही त्याच नावाने गज मागतात.


ऐरोलीकर | सोमवार, रात्री ११:३०

काका, भट्टीवाले दादा, ताई, सगळ्यांना साष्टांग. आता एक लाजिरवाणी गोष्ट. मध्यंतरी एका दुकानातून आणखी अर्धा मीटर गज घेतला होता, 'एच-१३ च आहे साहेब' या शब्दावर. आज दोन्हीचे तुकडे तापवून हवेत ठेवले. पहिल्यावर कानस घसरते. दुसऱ्यावर मजेत चालते, चक्क भुगा पडतोय.


भट्टीवाला | मंगळवार, सकाळी ६:४५

मग दुसरा एच-१३ नाही. बोटाएवढा तुकडा, चांगला नारिंगी-पिवळा, हवेत गार, वर कानस: घरच्या घरी याहून चांगली परीक्षा नाही. फक्त वरची खपली आधी ग्राइंडरने काढा, तिच्यावरून निकाल लावू नका. ग्राइंडरच्या ठिणग्याही बघा. जास्त कार्बनचं साधं पोलाद पांढऱ्या चांदण्या फोडतं. एच-१३ ची ठिणगी नारिंगी, आखूड, चांदण्या कमी.

गजाच्या टोकाच्या रंगावर विश्वास ठेवू नका, ज्याचा त्याचा रंग वेगळा. टीसी, म्हणजे गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. मोठी खरेदी असेल तर स्पेक्ट्रो (स्पेक्ट्रोमीटरची तपासणी) करून घ्या, नखाएवढा डाग पडतो आणि सगळी टक्केवारी कागदावर येते.


टूलरूमकाका | मंगळवार, सकाळी ८:३०

वजनही करून घेत जा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. २० मिमी असेल तर ४०० भागिले १६२, अडीच किलोला जरा कमी. जात नाही कळणार, पण काटा मारलाय का ते कळेल.


वाळवी | मंगळवार, सकाळी ८:३४

वाचनखूण साठवली.


ऐरोलीकर | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०

अहवाल देतो.

तडकलेला तुकडा गाळ्याच्या भिंतीवर टांगलाय. कडक झालेला दुसरा आधी मंद आचेवर हळूहळू तापवला आणि मग घडवला, कारण थंडगार गज एकदम भट्टीच्या पोटात ढकलला तर तिथेही तडकू शकतो असं काकांनी फोनवर सांगितलं. बाकीचे दोनही घडवले. एच-१३ घणाखाली भलतं ताठ आहे. ईएन-८ दहा घावांत जेवढं सरकतं तेवढ्याला इथे पंचवीस लागले. रंग नारिंगीच्या खाली उतरला की ठोकायचं नाही, परत भट्टीत. मोह होतो, 'एकच शेवटचा घाव'. तोच घाव कडेला बारीक चीर पाडतो. एका तुकड्यावर पडली, ती ग्राइंडरने खोलवर काढून टाकली.

गॅसचं रडगाणं वेगळं. एवढा वेळ भट्टी चालली की सिलिंडरवर बर्फाचा पांढरा थर येतो आणि दाब पडतो. सिलिंडर साध्या पाण्याच्या टबात उभा केल्यावर जरा सावरला. शटर पूर्ण वर ठेवतो, कितीही डास येवोत. बंद गाळ्यात भट्टीचा धूर दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

घडवून झाल्यावर भट्टी बंद केली, तिन्ही तुकडे आतच ठेवले, तोंडाला विटा लावल्या आणि घरी आलो. सकाळी कानस लागत होती, जेमतेम. घासून आकार दिला, बाकीचं शॉपवर सोडलं. डायच्या लॉटबरोबर गेले आणि सहा दिवसांनी परत आले. चिठ्ठीवर ४८ लिहिलं होतं, हातात ५० एचआरसी आले. चालेल ना?

आज पहिलं भोक पाडलं. ईएन-८ चा चौरस ठोकळा, मित्र घण मारायला. दोन घाव घातल्यावर भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकायची ही युक्ती मृण्मयीताईंनी व्यक्तिगत निरोपात कळवली होती. पूड आत जळते, तिचा वायू सुंब्याला खालून ढकलतो, अडकत नाही. पहिल्यांदा फस्सकन आवाज आला तेव्हा मित्र दोन पावलं मागे उडाला. नंतर सवय झाली. चार तापांत आरपार. सुंब्याचं टोक जसंच्या तसं, फक्त काळवंडलंय.


टूलरूमकाका | रविवार, रात्री ९:०५

५० टोकाला चालेल. डोक्याला चालणार नाही. शॉपमध्ये अख्खा सुंबा कडक झालाय, म्हणजे घण बसतो ते डोकंही. कडक घण आणि कडक डोकं, एखादी कपची उडाली तर बंदुकीच्या छऱ्यासारखी जाते. आमच्याकडे एकाच्या दंडातून काढावी लागली होती. पुढच्या रविवारच्या आत हे करा: टोक ओल्या वाळूत रोवा, डोकं तेवढं टॉर्चने मंद लाल करा, भडक नको, आणि आपोआप गार होऊ द्या. पाणी नाही! मग डोकं मऊ राहील, ठोकून पसरेल, ती पसरलेली कड दर महिन्याला ग्राइंडरने काढायची. पसरणारं डोकं चांगलं. फुटणारं नको.

आणि चष्मा. साधा नव्हे, कडेने झाकलेला.


मृण्मयी_कळवा | रविवार, रात्री ९:३०

खाडीचा वारा आहे तिकडे, सुंबे तेल लावून कापडात ठेवा. माझे ठसे एका पावसाळ्यात लाल झाले.


कोयता | रविवार, रात्री १०:१०

ऐरोलीकर भाऊ, आजोबांचा एक सुंबा घरात सापडला. पाट्याचा, डोकं छत्रीसारखं पसरलेलं, टोक अजून शाबूत. तुमच्या एच-१३ शेजारी एकदा लावून बघू, माझं टमरेल घेऊन येतो. रबाळे स्टेशनवरून किती लांब?


ऐरोलीकर | रविवार, रात्री १०:२२

चालत पंधरा मिनिटं, रिक्षा केली तर सिग्नलला वीस. सकाळी आठला या, उन्हं चढायच्या आत पाडू. सुती कपडे, पायात बूट, चप्पल चालणार नाही. टमरेल आणा, पण ते माझ्या बाजूला ठेवायचं नाही.